पेरापेरानं चालणारी जांभळी घाणेरी

कॅमेरा मुद्दामच जमिनीला टेकवलाय, कारण या झुडपाची सगळी करामत तिथं आहे. ही फांदी उचलून बघू. नुसती पसरल्यासारखी दिसते, पण ओढली तर येत नाही. पेर जिथं मातीला टेकलं, तिथं पांढरी मुळं फुटलीत, केसाएवढी बारीक. चार बोटं पुढं पुन्हा पेर, पुन्हा मुळं.

ही जांभळी घाणेरी. शास्त्रीय नाव लॅन्टाना मॉन्टेविडेन्सिस, उरुग्वेच्या मॉन्टेव्हिडिओ शहरावरून पडलेलं. मूळची दक्षिण अमेरिकेची. रानात माजणारी पिवळ्या-केशरी फुलांची घाणेरी, म्हणजे टणटणी, हिची बहीण. पान चुरगळा, तोच उग्र वास. फक्त ती माणसाच्या उंचीला जाते, आणि ही दीड-दोन फुटांवर सहसा मान काढत नाही. आडवी मात्र चार-पाच फूट सहज जाते.

आता फूल. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो गुच्छ आहे. कडेची फुलं आधी उमलतात, मधल्या कळ्या अजून मिटलेल्याच. प्रत्येक फुलाच्या मध्यावर फिकट ठिपका, त्याखाली अरुंद नळी, आणि मध नळीच्या तळाशी. म्हणूनच लांब सोंडेची फुलपाखरं इथं घिरट्या घालतात.

उतारावर लावायला याच्यासारखं झुडूप मिळणं कठीण. पावसाचा मारा पानांवर पडतो, खालची माती मुळं धरून ठेवतात. ऊन भरपूर हवं; सावलीत पानंच वाढतात, फुलं रुसतात. पाणी साचलं तर मुळं कुजतात. जुनं झुडूप मध्यभागी काटकुळं, उघडंबोडकं दिसायला लागतं, तेव्हा हात आखडता न घेता छाटावं. नवं रोप विकत आणायचीही गरज नाही: मुळं धरलेला तुकडा कापा, दुसरीकडे लावा.

पण जे बागेत कौतुकाचं, तेच कुंपणाबाहेर त्रासाचं. ऑस्ट्रेलियात ही बागेतूनच निसटली आणि कुरणांत शिरली. क्वीन्सलंडमध्ये आज ती विकायला, कुणाला द्यायलाही बंदी आहे. त्यामुळे छाटलेल्या फांद्या ओढ्याकाठी फेकू नका; कडक वाळू द्या, मग खताच्या खड्ड्यात.

आणि हा कोपरा बघा. वाफा विटांपाशी संपतो, निदान आखताना तरी तसं ठरलं होतं. एक फांदी विटांवरून पलीकडे उतरलीय. उचलून बघतो... नाही, येत नाही.