बारा वेढ्यांची एरियल

[दृश्य: अंधारलेली खोली. सेटची पाठ. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस होतात.]

बटण फिरवलं तरी लगेच आवाज येत नाही. या जुन्या रेडिओ सेटला तापायला अर्धा मिनिट लागतं. आधी डायलमागचा दिवा लागतो. मग काचेच्या नळ्यांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, पोटात तांबडी रेघ उमटते. मग स्पीकरमधून बारीक घूं ऐकू येते. आणि मग, या घरात कित्येक वर्षं जे ऐकू येतंय, तेच येतं.

[ध्वनी: खरखर. दहा सेकंद निवेदन नाही.]

पुण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. सेट आजींच्या लग्नानंतर लगेच घेतलेला. कपाटात त्याची लायसन्सची पुस्तिका अजून आहे. रेडिओ ऐकायचा तर पोस्टात वर्षाचे पैसे भरावे लागत, त्या काळातली. सेट दोघा-तिघांना दाखवून झाला. सगळ्यांचं म्हणणं एकच: हा गेला, आतलं सगळं काढा आणि ब्लूटूथ बसवून घ्या, कॅबिनेट मात्र छान आहे. आजी तयार झाल्या नाहीत.

[दृश्य: मेकॅनिक काका सेट टेबलावर फिरवतात. मागचं झाकण, जवळून.]

काका सेट उघडत नाहीत. आधी पाठ बघतात. झाकणाच्या कोपऱ्यात दोन भोकं आहेत, एकावर ए, दुसऱ्यावर ई. एरियल, म्हणजे लहर पकडणारी तार, आणि अर्थ, म्हणजे जमिनीला जोडायची तार. ए मध्ये वीतभर तार आहे आणि पुढे ती तुटलेली आहे.

"आजी, याची एरियल कुठे होती हो?"

"वाड्यात असताना कौलांवर बांबूला बांधली होती. आणि दुसरी तार खाली, मोरीपाशी पुरलेली."

मोरीपाशी पुरायचं कारण साधं होतं. तिथली जमीन कायम ओली, आणि ओल्या जमिनीत अर्थ चांगली लागते. कौलांवर तीस-चाळीस फूट उघडी तार, खाली ओली माती. हे दोन्ही असणार असं गृहीत धरूनच व्हॉल्व्हचा सेट बनत असे. पुढे ट्रान्झिस्टर आले, त्यांच्या पोटात फेराइट नावाच्या चुंबकी पदार्थाची कांडी असते आणि तीच त्यांची एरियल. या सेटच्या आत तसं काहीच नाही. बाहेरून तार आली नाही तर त्याला ऐकू कुठून येणार?

[दृश्य: कपाटाच्या वरच्या फळीवरून उतरवलेला डबा. आत गुंडाळी.]

आजींनी डबा उघडला तेव्हा कॅमेरा नशिबाने चालू होता. ही तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी, बोटभर रुंदीची पट्टी, दोन्ही टोकांना चिनी मातीचे मणी. ज्यांना गच्ची नव्हती त्यांची ही एरियल. बैठकीच्या खोलीत, तुळयांच्या खाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधलेली असायची. चाळीतल्या कित्येक घरांत देवांच्या तसबिरींच्या वर ती दिसे, आणि दिवाळीच्या साफसफाईत चिंचेने घासून लख्ख केली जाई. काका पट्टी उजेडात धरतात. काही ठिकाणी तांबं हिरवं पडलंय, पण वीण शाबूत आहे.

[दृश्य: स्टुलावर उभे काका. पट्टी खिडकीच्या चौकटीपासून दारापर्यंत.]

ती लावून बघितली. पुणे केंद्र, ७९२ किलोहर्ट्झ, लगेच लागलं. ते गावातलंच स्टेशन. आजींना हवं होतं ५५८, मुंबईची अस्मिता वाहिनी. काटा तिथे नेला की बोलणं ऐकू येतं, पण त्याच्या अंगावर खरखरीची गोधडी.

दोष त्या पट्टीचा नाही. अशा पट्ट्या वापरात होत्या तेव्हा भिंती मातीच्या आणि तुळया लाकडाच्या होत्या. इथे प्रत्येक भिंतीत, प्रत्येक स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी आहे, त्यामुळे लहर आत येईपर्यंत थकते. आणि घरात जे आवाज करतं ते तेव्हा नव्हतं. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर, इन्व्हर्टर. या सगळ्यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते आणि तिची कुरबुर नेमकी मीडियम वेव्हवर, म्हणजे ही स्टेशनं लागतात त्याच पट्ट्यावर, येऊन बसते. भिंतीतल्या वायरिंगमधून ती घरभर फिरते, आणि छताला ताणलेली तार स्टेशनाइतक्याच प्रेमाने तीही पकडते.

[दृश्य: आजी एकेक चार्जर उपसतात. ध्वनीत फरक.]

हे ऐका. टीव्हीशेजारचा अडॅप्टर काढला, आणि निम्मी खरखर गेली.

पण शेजारच्या फ्लॅटमधले चार्जर कोण काढणार? तारेची लांबी वाढवूनही भागत नाही. ५५८ किलोहर्ट्झची एक लहर जवळपास ५३७ मीटर लांब असते. तिच्या पाव लांबीची तार म्हटलं तरी १३४ मीटर झाली. घरात लावलेली कुठलीही तार तिच्यापुढे तोकडीच. बाजारात एरियल म्हणून जी चपटी पट्टी मिळते ती टीव्हीच्या लहरींसाठी असते, तिचा इथे उपयोग नाही. बूस्टर लावला तर तो गाण्याबरोबर खरखरही मोठी करतो. शॉर्टवेव्ह ऐकायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथल्या लहरी आखूड, त्यामुळे खिडकीलगत ताणलेली पाच-सहा मीटर तार बरंच काम करते. मीडियम वेव्हसाठी काका दुसरी वाट धरतात.

[दृश्य: जुना बाजार, रविवार सकाळ. पथारीवर पंखे, घड्याळं, रेडिओचे सुटे भाग.]

पुण्याचा जुना बाजार. इथे काका शोधतायत एकच वस्तू: गँग. म्हणजे बदलता येणारा कंडेन्सर, एरियल स्टेशनशी जुळवायला फिरवायचा भाग. अॅल्युमिनियमच्या पातळ पाकळ्यांचे दोन संच, एक स्थिर, एक फिरणारा. दांडी फिरवली की पाकळ्या एकमेकींत शिरतात, पण टेकत नाहीत. मधे फक्त हवा. काका प्रत्येक गँग कानाशी नेऊन फिरवतात. कुठे घासल्याचा आवाज आला की खाली ठेवतात. चौथी गँग पसंत पडली. पाकळ्या सरळ, गंज नाही, क्षमता साधारण ५०० पिकोफॅरड.

[दृश्य: दुकानात तार तोलली जाते. मग घरात, जमिनीवर लाकडी चौकट.]

तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून, वजनावर घेतलेली. वर एनॅमलचा लेप असलेली तांब्याची. आणि चौकट सागाच्या पट्ट्यांची, दोन फूट बाय दोन फूट. पट्ट्या एका जुन्या खिडकीच्या.

आता वेढे. बारा. मोजून बारा, कारण या मापाच्या चौकटीवर बारा वेढे आणि ही गँग यांचं गणित मीडियम वेव्हच्या दोन्ही टोकांना पुरतं. दहा घेतले असते तर ५५८ कदाचित हाताला लागलं नसतं. पंधरा घेतले तर वरची स्टेशनं सुटतात. दोन वेढ्यांत अर्धा सेंटीमीटर अंतर. वेढे चिकटून बसले की त्यांच्यातच नको तेवढा कंडेन्सर तयार होतो. त्यासाठी काकांनी चौकटीच्या चारही कोपऱ्यांना करवतीने खाचा पाडल्या आहेत. एकोणतीस मीटर तार लागते. ओढताना ती ताठ हवी, पण लाकूड वाकेल इतकी नको. आजी रीळ धरतात. "सैल सोडा आजी. आता धरा. सोडा." दुपारचे दोन तास हेच चाललंय, आणि आम्ही ते जवळजवळ सगळं चित्रित केलं, कारण मेलेला ठरवलेला हा सेट जिवंत करायला लागली ती एवढीच मेहनत.

दोन टोकं गँगला. मग आतल्या बाजूला, मोठ्या वेढ्यांना न जोडता, तारेचा एकच वेगळा फेरा. त्या फेऱ्याची टोकं सेटच्या ए आणि ई मध्ये. मोठी चौकट लहर गोळा करते, आणि हा एक फेरा ती सेटच्या हातात देतो. ट्रान्झिस्टर असता तर चौकट नुसती शेजारी ठेवून भागलं असतं. या सेटला तार जोडूनच द्यावी लागते.

(या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मर आहे, तो आतल्या धातूच्या सांगाड्याला, म्हणजे चॅसीला, थेट विजेपासून वेगळं ठेवतो. पण जुन्या एसी-डीसी सेटची चॅसी थेट विजेला जोडलेली असते. तसा सेट असेल तर मागच्या भोकांना हात लावण्याआधी जाणकाराकडून जुने कंडेन्सर बदलून घ्या. जिवाशी गाठ आहे.)

[दृश्य: संध्याकाळ. चौकट खिडकीत. सेटचा हिरवा डोळा, जवळून.]

डायलच्या वर तो हिरवा डोळा दिसतोय? मॅजिक आय. स्टेशन जितकं जोरात, तितक्या त्याच्या हिरव्या पापण्या मिटत येतात. आत्ता त्या सताड उघड्या आहेत.

काकांचा उजवा हात सेटच्या बटणावर, डावा गँगवर. या एरियलला दोन हात लागतात. काटा ५५८ वर. आता गँग, अगदी सावकाश. पाकळ्या जवळजवळ पूर्ण आत गेल्यावर...

[ध्वनी: खरखर उतरते. बाईचा आवाज, मराठी. हिरव्या पापण्या जुळतात. पंधरा सेकंद निवेदन नाही.]

आता चौकट फिरवून बघू. तिची कड मुंबईकडे, म्हणजे वायव्येला, असली की आवाज सर्वांत भरदार. तीच चौकट काटकोनात फिरवली, सपाट तोंड मुंबईकडे केलं, की स्टेशन बुडतं. छताच्या तारेला दिशा कळत नाही. चौकटीला कळते, आणि त्याचा दुहेरी फायदा आहे. ज्या बाजूने कुरबुर येते तिकडे सपाट तोंड करायचं. इथे कुरबुर येते जिन्याच्या बाजूने, बहुधा लिफ्टची. चौकट दोन बोटं डावीकडे वळवली. मुंबई किंचित उतरली, लिफ्ट पार गेली.

[दृश्य: सेट उघडलेला. व्हॉल्व्ह, गँग, कॉइल.]

मग काकांनी सेट उघडला, धूळ काढली, एक व्हॉल्व्ह बेसमध्ये नीट बसवला. बदललं काहीच नाही. असे सेट भंगारात किलोवर जातात, पोकळ करून विकले जातात, आणि मीडियम वेव्हची प्रक्षेपणंही देशात एकेक करून बंद होत चालली आहेत.

[दृश्य: खिडकीची फळी. काका पेन्सिलीने खूण करतात.]

पडदा धुवायला काढताना चौकट हलेल, म्हणून फळीवर पेन्सिलीची रेघ आखून ठेवली आहे. रेघेवर कड आली की मुंबई.

"सकाळी बातम्यांना किती वाजता लावू?" आजी विचारतात.

"पाच मिनिटं आधी लावा. तापायला वेळ लागतो त्याला."

[दृश्य: आजी खुर्चीत. डायलचा उजेड. ध्वनी चालू.]