गोळीला कळलेलं नातं

(पडद्यावर हिरवी, जाळीदार नक्षी. हळूहळू स्पष्ट होते.)

माशांच्या टाकीत असते ती हायड्रिला. तिचं हे एक पान. कापलेलं नाही, रंगवलेलं नाही. चिमट्याने तोडलं आणि काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवलं, बस. पान जेमतेम दोन पेशींच्या जाडीचं, त्यामुळे उजेड आरपार जातो. विटांसारख्या रचलेल्या दिसतात त्या पेशी, आणि आतले हिरवे ठिपके म्हणजे हरितलवकं.

आता मधल्या शिरेजवळ बघा. दिव्याखाली थोडा वेळ गेला आणि ठिपके निघाले. पेशीच्या कडेकडेने, एकामागोमाग एक, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे. खरं तर ते स्वतः चालत नाहीत, पेशीद्रव वाहतो आणि ते त्याच्याबरोबर जातात. पण यांचे पूर्वज कुणाच्या पोटात नव्हते. पाण्यात स्वतंत्र राहणारे, उन्हावर जगणारे जिवाणू होते ते. पुढे कुठल्यातरी पेशीने त्यांना गिळलं, आणि ते आतच राहिले.

ही कल्पना नवी नाही. 1905 साली मेरेश्कोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ती मांडली होती, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. 1967 मध्ये लिन मार्ग्युलिस या 29 वर्षांच्या अमेरिकन संशोधिकेने तोच धागा पुन्हा उचलला आणि हरितलवकांच्या जोडीला पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकाही आणल्या. पंधराएक नियतकालिकांनी तो निबंध साभार परत केला, असं त्या सांगत. अखेर तो छापून आला. त्यांचं सगळंच बरोबर निघालं असंही नाही. पेशीची चाबकासारखी शेपटीही अशाच एका जिवाणूपासून आली, असं त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. त्याला पुरावा काही मिळाला नाही. केंद्रक, गॉल्गी पिंड अशा पेशीतल्या इतर भागांनाही हे लागू नाही. पण तंतुकणिका आणि लवकं (हरितलवकं त्यातलीच)? तिथे त्यांचा नेम बरोबर बसला.

(तंतुकणिकेचं चित्र. दोन पटलं, आतलं घड्या पडलेलं.)

शाळेत 'तंतुकणिका म्हणजे पेशीचे ऊर्जाकेंद्र' एवढं लिहिलं की गुण मिळायचे. या ऊर्जाकेंद्रात स्वतंत्र डीएनए आहे आणि तो जिवाणूसारखा गोल कड्याच्या आकाराचा आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तंतुकणिका पेशीला नव्याने घडवता येत नाही. असलेलीच मध्ये आवळली जाते आणि एकीच्या दोन होतात, जिवाणू होतात तशा. तंतुकणिकांच्या मूळ पुरुषाचं स्वतंत्र आयुष्य संपून दीडशे कोटी वर्षं तरी उलटली असावीत.

एवढ्या काळात बहुतेक मिळकत घरमालकाच्या नावावर चढली. माणसाच्या तंतुकणिकेच्या सातबाऱ्यावर आज उरलीत फक्त 37 जनुकं, 16,569 अक्षरांत मावणारी. त्यातली 13 प्रथिनांची. तिला लागणारी बाकीची हजाराहून अधिक प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात आणि बाहेरून आत येतात.

नाव बदललं, पण नातं पुसलं गेलं नाही. ते औषधाला बरोबर कळतं.

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर लिनेझोलिड ही गोळी देतात. मुंबईतल्या क्षयरोगाच्या डॉक्टरांना ती चांगली परिचयाची आहे. जिवाणूची प्रथिनं बनवणारी यंत्रणा, म्हणजे रायबोसोम, ती बंद पाडते. पण गोळी महिनोन्‌महिने चालू राहिली की काही रुग्णांच्या तळपायांना मुंग्या येऊ लागतात, बोटं बधिर होतात, क्वचित नजर मंदावते. आपल्या पेशीद्रवातले रायबोसोम वेगळ्या ठेवणीचे, त्यांना ही गोळी ओळखत नाही. तंतुकणिकेतले रायबोसोम मात्र जिवाणूंच्या घराण्यातले. गोळी त्यांनाही धरते. (कुणी घरी ही गोळी घेत असेल, तर हे ऐकून मनाने बंद करायची नाही. मुंग्या आल्या तर डॉक्टरांना सांगायचं. मात्रा ते ठरवतात.)

पण एक जीव दुसऱ्याच्या पोटात कायमचा राहतो, हे घडतं तरी कसं? कोट्यवधी वर्षांपूर्वीचं कुणी पाहिलेलं नाही. मात्र 1966 मध्ये अमेरिकेतल्या बफलोत क्वांग जिऑन यांच्या प्रयोगशाळेत त्याची एक झलक दिसली, तीही अपघाताने. त्यांनी वाढवलेले अमिबा आजारी पडले. प्रत्येकाच्या आत हजारो काडीसारखे जिवाणू शिरले होते. बहुतेक अमिबा मेले. दुसऱ्या कुणी बश्या धुऊन नवे अमिबा आणले असते. जिऑन यांनी उरलेसुरले मरतुकडे जीव निगुतीने जगवले.

पुढच्या काही वर्षांत त्या अमिबांची वाढ सुधारली. जिवाणू मात्र आतच होते. मग त्यांनी केंद्रकांची अदलाबदल केली. जिवाणूवाल्या अमिबाचं केंद्रक काढून एका निरोगी, स्वच्छ अमिबात बसवलं. तो वाचायला हवा होता, पण तो मरू लागला. त्याच अमिबात जिवाणू टोचले, तेव्हा जगला. काही वर्षांपूर्वी जो रोग होता, त्याच्यावाचून आता केंद्रकाचं चालेना.

समुद्रात अशीच एक सोयरीक त्याच्याही पुढे गेलेली सापडली. एका सूक्ष्म शैवालाच्या आत राहून हवेतला नायट्रोजन त्याला वापरता येईल अशा रूपात आणणारा जिवाणू आता जिवाणू राहिलेला नसून पेशीअंगक, म्हणजे पेशीचाच एक अवयव, झाला आहे, असं 2024 मध्ये जाहीर झालं. त्याला नाव मिळालं नायट्रोप्लास्ट.

(रक्ताची काचपट्टी. सूक्ष्मदर्शक हळूहळू खाली येतो.)

शेवटी आपल्याकडचा जुना वैरी, हिवताप. त्याचा जंतू, प्लाझ्मोडियम, तांबड्या रक्तपेशीत लपून राहतो. 1990 च्या दशकात या जंतूत एक विचित्र अंगक ओळखलं गेलं. चार पटलांचं, आत गोल डीएनए असलेलं. ते निघालं लवक! जंतूच्या पूर्वजाने कधीतरी एक लाल शैवाल गिळलं होतं, आणि त्या शैवालाच्या पोटात आधीच एक जिवाणू होता. घरातल्या पाहुण्याकडे आलेला पाहुणा. ऊन गेलं, हिरवेपणा गेला, पण जंतूला जगायला लागणारी काही रसायनं अजून तिथेच बनतात.

म्हणून डॉक्सिसायक्लिन हे जिवाणूंवरचं औषध हिवतापावर चालतं. फक्त सावकाश. गोळी घेतल्यावर पहिल्या फेरीत, म्हणजे साधारण 48 तास, फॅल्सिपॅरम जातीचा जंतू ठणठणीत वाटतो. वाढतो, रक्तपेशी फोडतो, त्याची पिल्लं नव्या पेशींत शिरतात. पण त्यांच्या वाट्याला धड लवक आलेलं नसतं, आणि ती तिथेच संपतात. एवढा वेळ रुग्णाकडे नसतो, म्हणून उपचारात डॉक्सिसायक्लिन एकटं देत नाहीत. जोडीला झटपट काम करणारं औषध असतं.

(जिम्सा रंगाने रंगवलेलं रक्त. कॅमेरा एका पेशीवर थांबतो.)

ही गुलाबी तबकडी म्हणजे आपली रक्तपेशी. तिच्यातली निळसर अंगठी म्हणजे जंतू, आणि अंगठीवरचा लाल खडा म्हणजे त्याचं केंद्रक. लवकही तिथेच कुठेतरी आहे, पण या भिंगातून ते दिसायचं नाही. आणि हिरवं तर तिथे काहीच नाही.