स्पिरिट वाळू द्या

नमस्कार मंडळी. देवगडकडच्या उपकेंद्रात माझी उमेदीची वर्षं सुया टोचण्यात गेली. दारात पाऊल टाकताच पोरं भोकाड पसरायची, सुई बघून नव्हे, टोचण्याआधी त्वचेला लावायच्या स्पिरिटच्या, म्हणजे अल्कोहोलच्या वासाने!

परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "नातवाने मुंबईहून ९९ टक्क्यांचं अल्कोहोल आणलंय. आबांच्या इन्सुलिनला तेच लावू ना?" म्हटलं, नको. इथे जास्त कडक म्हणजे जास्त गुणकारी नव्हे. जंतूंमधली प्रथिनं मोडायला अल्कोहोलला पाण्याची साथ लागते, आणि निव्वळ अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जातं. म्हणून इंजेक्शनसाठी ६० ते ७० टक्क्यांचं घ्यायचं, इथाइल किंवा आयसोप्रोपिल. मिथाइल असलेलं मात्र त्वचेला लावू नका.

पोव्हिडोन आयोडीन, तो तपकिरी रंग, चांगलाच. पण त्याला वाळायला दोनेक मिनिटं द्यावी लागतात. क्लोरहेक्सिडिन हे आणखी एक जंतुनाशक, शिरेत नळी घालताना मोलाचं. साध्या सुईला एवढा थाट कशाला?

मला खरी भीती वाटते ती बरणीची. कापसाचे बोळे सकाळीच स्पिरिटमध्ये भिजवून ठेवायचे आणि दिवसभर त्यात बोटं घालायची, ही सवय मीही मोडली, उशिरा का होईना. हातावरचे जंतू त्या बरणीत जातात, आणि झाकण उघडं राहिलं तर स्पिरिट उडून फिकं पडतं. बोळा ऐन वेळी भिजवा, नाहीतर पाकिटबंद स्वॅब, म्हणजे स्पिरिटने भिजलेली तयार पट्टी, फोडा. एका माणसाला एकच.

पुसायचं मधून बाहेर, अर्धा मिनिट. मग आणखी अर्धा मिनिट थांबायचं. आपल्या दमट हवेत, त्यातून आषाढात, जरा जास्तच थांबा. ओल्यावर टोचलं तर आग होते, आणि जंतू मरायला वेळही मिळत नाही.

आणि हो, बाळाच्या लसीला स्पिरिट लागत नाही. त्वचा मळलेली असेल तर साबण-पाणी पुरतं. आबांच्या इन्सुलिनलाही तेच चालतं, काकूंना सांगितलं तर त्यांना खरं वाटेना. आबांना मात्र पटलं. ते आता न्हाणीघरातून येतात, पोट कोरडं करतात आणि पडवीत बसून स्वतःच टोचून घेतात. फक्त एक खोड आहे, टोचण्याआधी फुंकर मारतात. परवा काकू ओरडल्या, "तोंडातले जंतू कशाला घालताय तिथे?"