एपीआयला कॉल कोण करतंय? एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमधला पहिला आयपी उचलू नका!

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "दादा, माझ्या सर्व्हिसला कोण कॉल करतंय हे कोडमध्ये कसं ओळखायचं?"

सोपं आधी उरकतो. लॉगिन टोकन, म्हणजे लॉगिननंतर मिळालेला डिजिटल पास, असेल तर ते फ्रेमवर्कला तपासू द्या. स्प्रिंगमध्ये कंट्रोलरच्या मेथडमध्ये प्रिन्सिपल, म्हणजे लॉगिन केलेला युजर, मागा, एएसपी डॉटनेट कोअरमध्ये एचटीटीपी-कॉन्टेक्स्टमधला युजर बघा. दोन सर्व्हिस आपसात बोलत असतील तर म्युच्युअल टीएलएस, म्हणजे दोन्ही बाजूंनी ओळख पटवणारं सर्टिफिकेट. डॉक्युमेंटेशनमध्ये सगळं आहे, पुढे जाऊ.

माझं डोकं फिरतं ते कॉमेंटमधल्या एका सल्ल्यावर. "एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर घ्या, स्वल्पविरामावर तोडा, पहिला आयपी उचला, झालं." अहो, काय झालं?

हेडर म्हणजे रिक्वेस्टसोबत येणारी माहितीची एक ओळ. मुळात हे हेडर लागतं कशाला? पुढे लोड बॅलन्सर, म्हणजे रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटून देणारा मधला प्रॉक्सी, असला की तुमच्या कोडला प्रत्येक रिक्वेस्ट त्याच्याच आयपीवरून आलेली दिसते. म्हणून प्रॉक्सी काय करतो, आपल्याला कोण जोडलं गेलं त्याचा आयपी या हेडरच्या शेवटी जोडतो. शेवटी! आधीपासून तिथे काही लिहून आलं असेल तर ते सहसा तसंच पुढे जातं. म्हणजे सर्वांत उजवीकडचा आयपी तुमच्या प्रॉक्सीनं लिहिलाय. डावीकडचा? तो पाठवणाऱ्यानंच लिहिलेला असू शकतो.

पटत नाही? टर्मिनल उघडा. कर्ल या कमांडनं आपल्याच एपीआयला रिक्वेस्ट मारा आणि सोबत हेच हेडर द्या, किंमत १२७.०.०.१, म्हणजे लोकलहोस्ट, मशीनचा स्वतःचाच पत्ता. आता लॉग बघा. पहिला आयपी उचलणाऱ्या कोडला तुम्ही सर्व्हरच्या आत बसलेले दिसताय. आणि "लोकलहोस्टला सगळं माफ" अशी ओळ कुठे लिहून ठेवली असेल तर देवच वाचवो.

"मी हेडरला हातच लावत नाही, एक्सप्रेस वापरतो," असं एकानं लिहिलंय. एक्सप्रेस म्हणजे नोडचं वेब फ्रेमवर्क. बरं. ट्रस्ट प्रॉक्सी सेटिंगला ट्रू दिलंय का? मग एक्सप्रेससुद्धा सर्वांत डावीकडचाच आयपी घेतो. तिथे पुढे किती प्रॉक्सी आहेत तो आकडा द्या. एकच असेल तर १. आणि प्रॉक्सीला वळसा घालून थेट ॲपपर्यंत कुणी पोचणार नाही हे बघा, नाहीतर तो १ सुद्धा फुकट. जँगो या पायथॉन फ्रेमवर्कनं तर २००९ मध्ये, १.१ आवृत्तीत, हे हेडर वाचून आयपी भरणारं मिडलवेअरच (रिक्वेस्ट कोडपर्यंत पोचण्याआधी चालणारा तुकडा) काढून टाकलं. सगळ्यांना चालेल इतकं भरवशाचं ते करताच येत नाही, म्हणून.

बरं, आयपी अगदी बरोबर मिळाला असं धरू. तरी तो माणूस नाही हो! मोबाइल नेटवर्कवर असंख्य लोक एकाच पब्लिक आयपीमागे असतात. त्या व्यवस्थेसाठी १००.६४.०.० पासूनचा एक पट्टाच २०१२ मध्ये राखून ठेवलाय. एका क्लायंटकडे बॉटचा म्हणून एक आयपी ब्लॉक केला आणि दुपारभर खऱ्या ग्राहकांचे फोन, "ॲप चालत नाही." टीम बिचारी ॲपमध्ये बग शोधत बसली. आयपी लॉगमध्ये ठेवा, रेट लिमिटला, म्हणजे ठरावीक वेळात किती रिक्वेस्ट चालतील त्या मर्यादेला, ढोबळ मदत म्हणून वापरा. ओळख म्हणून नको.

युजर एजंटवरून, म्हणजे ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो त्या हेडरवरून, ओळखू म्हणणाऱ्यांनी क्रोम स्वतःबद्दल काय सांगतो ते एकदा वाचा. सुरुवातच "मोझिला" अशी, म्हणजे फायरफॉक्सवाल्यांच्या नावानं, आहे.

आणि हो, टोकनवाल्यांनो, फार खूश होऊ नका. कॉमेंटमध्ये एकानं कोड टाकलाय: जेडब्ल्यूटी, म्हणजे सही केलेलं टोकन, त्याचा मधला भाग बेस-६४ मधून (ही नुसती लिहायची पद्धत, कुलूप नाही) उलगडला, युजर आयडी वाचला, पुढे गेला. सही तपासलीच नाही! मग हा आणि तो डावीकडचा आयपी यात फरक काय? दोन्ही पाठवणाऱ्यानंच लिहिलेलं. त्या कॉमेंटखाली मी व्हेरिफायची ओळ टाकलीये, बघून घ्या. फक्त कोडसोबत चालू टोकन पेस्ट करत जाऊ नका रे. कालच एक डिलीट केलंय, त्याची मुदत संपायला अजून आठवडा होता.