पाळलेली नाहीत हो, येतात आपली

श्रोतेहो, नमस्कार. बोलायला लागण्याआधी तुम्हाला एक आवाज ऐकवते. माझ्या हातात रक्तदाब मोजायचा पट्टा आहे. तो माइकजवळ धरून मी सावकाश उघडते. ऐका.

(वेल्क्रो उघडण्याचा आवाज)

आणखी एकदा, आणखी हळू.

(आवाज)

हाच आवाज, पण खूप बारीक, काही माणसांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला की ऐकू येतो. दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या तळाशी, आत घेतलेला श्वास संपत येतो तेव्हा. आम्ही छातीचे डॉक्टर त्याला वेल्क्रोचा आवाजच म्हणतो. तो कानावर पडला की त्या दिवशी माझी ओपीडी लांबते, कारण मग त्या माणसाला मला पुष्कळ विचारायचं असतं.

ज्या आजाराचा हा आवाज, त्याचं नाव इंटरस्टिशियल लंग डिसीज, थोडक्यात आयएलडी. आपल्याकडे लोक ‘फायब्रोसिस’ म्हणतात. कुणी म्हणतं ‘फुप्फुस जाड झालंय’, कुणी म्हणतं ‘आकसलंय’. हे दोन्ही शब्द मला आमच्या इंग्रजी नावापेक्षा जास्त नेमके वाटतात. फुप्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात, तीस कोटींच्या वर. पिशवीत हवा, भिंतीत रक्त, आणि मधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ. त्या पडद्यातून प्राणवायू रक्तात उतरतो. आयएलडीत हा पडदा सुजतो, आणि सूज मुरली की तिथे व्रण धरतो. भाजलेली जागा भरून येताना कातडी कशी आवळते, तसं फुप्फुस आतून आवळत जातं. दम्यात नळ्या आवळलेल्या असतात, म्हणून पंप ओढला की मोकळं वाटतं. इथे नळ्या ठीक असतात, पडदा जाड झालेला असतो, आणि पंपानं तो पातळ होत नाही.

एक मावशी माझ्याकडे आल्या होत्या. वय ६८, इथे नाशिकमध्ये गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. दोन वर्षं कोरडा खोकला. बोलताना उबळ यायची, म्हणून त्यांनी भजनी मंडळ सोडलं होतं. खोकल्याच्या बाटल्या झाल्या, पंप झाला. छातीच्या फोटोत डाग दिसले म्हणून, थुंकीत जंतू सापडलेले नसताना, सहा महिने टीबीच्या गोळ्याही झाल्या. त्या आल्या तेव्हा एक जिना चढून धापत होत्या. पाठीला स्टेथोस्कोप लावला, तर हा आवाज.

मी विचारलं, “मावशी, घरात पक्षी पाळलेत का?” त्या म्हणाल्या, “नाही गं बाई.” मी तसं कागदावर लिहूनही टाकलं. तेवढ्यात शेजारी बसलेली सून म्हणाली, “आई, एसीच्या डब्यामागची कबुतरं?” तर मावशी म्हणाल्या, “ती कुठे पाळलेली आहेत! येतात आपली.”

त्या एका वाक्यानं निदानाची दिशा बदलली. तेव्हापासून मी ‘पाळलेत का’ असं विचारणं सोडलं. आता विचारते, “खिडकीत, गॅलरीत, डक्टमध्ये कबुतरं बसतात का? साफ कोण करतं? झोपायची खोली त्या बाजूला आहे का?” मावशींची खाट त्याच खिडकीखाली होती. रोज सकाळी त्या कोरड्या झाडूनं ती विष्ठा झाडायच्या.

कबुतराच्या विष्ठेतले आणि पंखांवरच्या भुकटीतले प्रथिनांचे कण श्वासावाटे आत जातात. सगळ्यांना त्याचा त्रास होत नाही. एकाच घरात चौघं राहतात आणि एकाचंच शरीर त्या कणांशी भांडण मांडतं. त्या भांडणात पडदा सुजतो. या प्रकाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस म्हणतात. आपल्या देशात तो दुर्मीळ मुळीच नाही. देशातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून आयएलडीच्या १०८४ रुग्णांची नोंद केली आणि ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात जवळपास निम्मे, ४७ टक्के रुग्ण याच प्रकारचे होते. परदेशी पुस्तकांत पहिल्या पानावर असतो तो आयपीएफ, म्हणजे कारण न सापडणारा फायब्रोसिस, १४ टक्क्यांच्याही आत. आणि या ४७ टक्क्यांत मोठा वाटा होता कूलरच्या संपर्काचा. उन्हाळ्यात आपण माळ्यावरून कूलर काढतो, मागच्या वर्षीचं गवत तसंच असतं, पाणी तुंबलेलं असतं, त्यावर बुरशी धरते आणि पंखा ती आपल्या तोंडावर मारतो. गवत दरवर्षी बदला, टाकी आठवड्याला घासा, एवढंच म्हणणं आहे. आता परत कबुतरांकडे. २०२५ मध्ये मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद केला तेव्हा केवढा वाद झाला, तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. भूतदया मला कळते. पण व्रण धरलेलं फुप्फुस मी रोज बघते, म्हणून माझं मत लपवत नाही. माणसं झोपतात तिथे कबुतरांना दाणे घालू नका.

नाशिककरांनो, यादी कबुतरावर संपत नाही. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींना पावसाळ्यात धरणारी ओल, गोठ्यातला भिजून बुरशी आलेला कडबा, पोल्ट्रीतली धूळ. निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांनी पुढचं जरा लक्ष देऊन ऐकावं. १९६९ मध्ये पोर्तुगालच्या डॉक्टरांनी एक लेख लिहिला. द्राक्षबागेत वर्षानुवर्षं बोर्डो फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत त्यांना गाठी आणि व्रण सापडले, आणि त्यात तांबं सापडलं. आजाराला नावच पडलं, द्राक्षबागेतल्या फवारणीवाल्याचं फुप्फुस. बोर्डो म्हणजे तोच आपला मोरचूद आणि चुना. मी घाबरवत नाहीये. बाग सोडा असं सांगायचा मला अधिकारही नाही. पण फवारणीचा ब्लोअर चालवताना तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही, नीट बसणारा मास्क लागतो. आणि खोकला घेऊन डॉक्टरकडे जाल तेव्हा ‘शेती करतो’ एवढ्यावर थांबू नका. काय फवारता, किती वर्षं फवारता, तेही सांगा.

इतरही धागे असतात. थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात का, कातडी ताठ झाली आहे का, सांधे सकाळी आखडतात का, तोंड-डोळे कोरडे पडतात का? संधिवातासारखे आजार कधीकधी सांध्यांच्या आधी फुप्फुसात तोंड दाखवतात. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिलेलं अमिओडारोन, लघवीच्या जंतुसंसर्गासाठी महिनोन्महिने चालू राहिलेलं नायट्रोफ्युरँटॉइन, अशी औषधंही कारण ठरतात. म्हणून येताना औषधांची पिशवी आणा, जुने फोटो आणा, चार वर्षांपूर्वीचा असला तरी आणा. तुम्हाला रद्दी वाटते, मला त्यात आजाराचा वेग दिसतो.

तपासण्यांपैकी सगळ्यात मोठा फरक पाडला तो एचआरसीटीनं, म्हणजे फुप्फुसाच्या बारीक कापांच्या सीटी स्कॅननं. साध्या फोटोत सगळं एकावर एक पडतं. इथे मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीचे काप बघायला मिळतात, पालथं झोपवूनही काढतात. तळाशी मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसली तर तो जुना, घट्ट व्रण. धुरकट काचेसारखा भाग दिसला तर बऱ्याचदा ओली सूज, जी उतरण्यासारखी असते. जोडीला नळीत फुंकायची तपासणी आणि पडद्यातून वायू किती पार होतो ते मोजणारी डीएलसीओ. पूर्वी निदान अडलं की छाती उघडून तुकडा घ्यावा लागे, आणि अशा नाजूक फुप्फुसाला ते कधीकधी झेपत नसे. आता दुर्बिणीतून गोठवणारी सळई आत घालून तुकडा काढता येतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी अनुभवी केंद्रांसाठी ही क्रायोबायोप्सी मान्य केली. तरी माझ्या लेखी खरी प्रगती वेगळी आहे. छातीचा डॉक्टर, सीटी वाचणारा रेडिओलॉजिस्ट, संधिवाताचा डॉक्टर आणि तुकडा तपासणारा पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून एका रुग्णावर बोलतात आणि मग निदान ठरवतात. आता त्यासाठी एका गावात असावं लागत नाही, पडद्यावर भेटता येतं. तुमच्या डॉक्टरनं ‘मला दोघातिघांशी बोलू द्या’ म्हटलं तर त्याला येत नाही असं समजू नका.

औषधांकडे येते, आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत आयपीएफच्या रुग्णांना आम्ही स्टेरॉइड, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन अशी तिन्ही औषधं एकत्र द्यायचो. तीच रीत होती. मीही दिली. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पँथर चाचणीचे निष्कर्ष आले. ही तीन औषधं घेणाऱ्या रुग्णांत मृत्यू जास्त झाले होते, दवाखान्यात दाखल होणं जास्त झालं होतं. तो लेख वाचला त्या रात्री मला काही चेहरे आठवले. अजून आठवतात. म्हणून कुणी ‘फायब्रोसिस आहे, स्टेरॉइड चालू करा’ म्हणालं की मी आधी विचारते, कोणता फायब्रोसिस? कबुतरवाल्या सुजेत किंवा संधिवातात स्टेरॉइड जीव वाचवू शकतं. आयपीएफमध्ये रोजचं स्टेरॉइड घातक ठरू शकतं. नाव नेमकं कळणं एवढं महत्त्वाचं आहे.

दोनच वर्षांनी, २०१४ मध्ये, पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब या दोन औषधांच्या आयपीएफवरच्या मोठ्या चाचण्या यशस्वी झाल्या. निंटेडॅनिबच्या एका चाचणीतले आकडे सांगते. औषध नसताना रुग्णांची फुंकण्याची क्षमता वर्षाला सुमारे २४० मिलीनं घटत होती. औषधावर ती ११५ मिलीनं घटली. म्हणजे वर्षाला दोन कप जात होते, तिथे एक कप गेला. गेलेला कप परत येत नाही, हे मी प्रत्येक रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगते, नाहीतर दोन महिन्यांनी ‘फरक नाही’ म्हणून गोळी बंद होते. पुढे २०१९ च्या चाचणीत दिसलं की कारण कुठलंही असो, व्रण वाढतच चालला असेल तर निंटेडॅनिब तिथेही वेग कमी करतं. दोन्ही औषधं भारतीय कंपन्या बनवतात, त्यामुळे पूर्वीच्या मानानं परवडतात, तरी महिन्याचा बोजा आहेच. पिरफेनिडोननं मळमळ होते, भूक जाते, उन्हानं कातडी भाजते, म्हणून भरल्या पोटी घ्यायचं, उन्हात पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे. निंटेडॅनिबनं जुलाब होतात, यकृताची रक्ततपासणी ठरल्या वेळी करावी लागते. त्रास झाला तर मात्रा कमी करता येते. मनानं बंद करू नका, फोन करा. आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेनं नेरँडोमिलास्ट या नव्या गोळीला आयपीएफसाठी मान्यता दिली. दहा-अकरा वर्षांनी या आजारात नवं औषध आलं, मला त्याचा फार आनंद झाला. फार पुढे गेलेल्या आजारात फुप्फुस प्रत्यारोपण मुंबई, चेन्नई, हैदराबादला होतं. तो विचार शेवटच्या महिन्यात नको, नाव नोंदवायलाही अंगात ताकद लागते.

घरी बसून करता येईल असं एक सांगते. कोरोनात घरोघरी बोटाला लावून प्राणवायू मोजायचं मशीन आलं, ते कपाटातून काढा. खुर्चीत बसून ९७ दाखवेल आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. आयएलडी बसल्या जागी लपते, चालताना उघडी पडते. घरातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन सपाट जागेवर सहा मिनिटं आपल्या चालीनं चाला आणि चालता चालता आकडा बघा. बोटाला नेलपॉलिश किंवा मेंदी नको. आकडा चार-पाचनं उतरला, किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या गेल्या वर्षी जमत होत्या आणि यंदा अर्ध्यात बसावं लागलं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. बसल्या जागीच धाप लागत असेल तर ही चाल करूही नका, थेट दवाखाना गाठा.

आजार असलेल्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी, न्युमोनियाचीही घ्यावी. बिडी-सिगारेट सुटायलाच हवी. ऑक्सिजनचं मशीन घरी आलं म्हणजे शेवट आला, असं घरचे धरून चालतात. माझे काही रुग्ण पाठीला छोटा सिलिंडर लावून बाजारात जातात.

त्या मावशींकडे सुनेनं माणूस बोलावून जाळी बसवून घेतली. विष्ठा आधी ओली केली, मग काढली, आणि त्या वेळी मावशींना दोन दिवस लेकीकडे पाठवलं. खाट हलवली. काही महिने स्टेरॉइड दिलं, मग हळूहळू उतरवलं. ओली सूज बरीचशी गेली. तळाचा व्रण राहिला, त्यासाठी निंटेडॅनिब चालू आहे. खोकला पूर्ण गेलेला नाही, पण त्या भजनाला बसतात, टाळ वाजवतात, सूर दुसऱ्यांना लावू देतात. दर तीन महिन्यांनी त्या येतात आणि नळीत फुंकतात. मागच्या तीन तपासण्यांत आकडा जवळपास तोच आहे. कागद हातात घेऊन त्या विचारतात, “वाढला नाही का गं?” मी सांगते, “नाही मावशी, पण उतरलाही नाही.” मग त्या कागदाची नीट घडी करतात आणि पर्समध्ये ठेवतात.