रविवारचे आठ जण
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[पडदा काळा. कप बशीत ठेवल्याचा आवाज. मग चमच्याने बशीवर हलका ठेका.]

हा ठेका कानात राहू द्या. गागालगा लगागा, गागालगा लगागा. थोड्या वेळाने आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

[दृश्य: सकाळचं कोवळं ऊन. जुन्या वाड्याचा लाकडी जिना.]

साल १९२३. गाव पुणं. वार रविवार.

लोकमान्यांना जाऊन तीन वर्षं झाली आहेत. मराठी कवितेच्या घरातही एकामागून एक माणसं गेली आहेत. केशवसुत १९०५मध्येच गेले. बालकवी १९१८मध्ये गेले, अठ्ठाविशी गाठण्याआधीच. पुढच्या जानेवारीत गोविंदाग्रज गेले, तेही तेहतिसाव्या वर्षी. ज्यांच्याकडे कविता घेऊन जावं, ज्यांनी दोन ओळी ऐकून मान डोलवावी किंवा कपाळाला आठ्या घालाव्यात, अशी मोठी माणसं फारशी उरली नव्हती.

मग लिहिणाऱ्यांनी एकमेकांचीच दारं वाजवली.

विशी-तिशीतले काही जण दर रविवारी जमू लागले. चहा व्हायचा. ज्याने आठवड्यात काही लिहिलं असेल तो ते वाचायचा, म्हणायचा. बाकीचे ऐकायचे आणि बोलायचे. रविवारी जमायचे म्हणून मंडळाच्या नावात रवी आला: रविकिरण मंडळ.

[दृश्य: टेबलावर जुने काव्यसंग्रह. एक हात पानं उलटतो आहे.]

सात पुरुष आणि एक स्त्री. फर्ग्युसन कॉलेजात फार्सी शिकवलेले माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन. यशवंत दिनकर पेंढरकर, म्हणजे कवी यशवंत. शंकर केशव कानेटकर, म्हणजे गिरीश. नाट्यछटा लिहिणारे दिवाकर. ग. त्र्यं. माडखोलकर, द. ल. गोखले, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे. पुढे वि. द. घाटे यांचं नावही या मंडळाशी कायमचं जोडलं गेलं. लोकांनी त्यांना सप्तर्षी आणि अरुंधतीची उपमा दिली.

त्याच वर्षी मंडळाचा ‘किरण’ हा संग्रह आला. मग ‘उषा’, ‘शलाका’, ‘प्रभा’. नावं बघा, सगळी उजेडाच्या घरातली. एका वहीत आठ हातांची अक्षरं असावीत तसं हे काम होतं. स्वतःचं पुस्तक निघण्याची वाट न बघता चौघांनी-आठांनी मिळून छापायचं, ही रीत पुढे गावोगावच्या कविमंडळांनी उचलली आणि आजही ती चालू आहे.

पण माझ्या मते या मंडळाचं खरं काम छापील पानावर झालं नाही. ते कानात झालं.

[ध्वनी: सभागृहातली कुजबुज. मग शांतता.]

घराघरांत रेडिओ येण्याआधीचा तो काळ. सभागृहात ध्वनिवर्धक असेलच अशी खात्री नाही. अशा वेळी हे कवी उभे राहायचे आणि स्वतःची कविता चालीवर म्हणायचे. यशवंत, गिरीश, माधव जूलियन गावोगाव गेले, शाळा-कॉलेजांतून, संमेलनांतून गेले. ज्यांनी आयुष्यात कवितेचं पुस्तक विकत घेतलं नव्हतं अशा लोकांनी ती कविता ऐकली आणि घरी जाताना दोन ओळी सोबत नेल्या. काव्यगायन हा शब्द आज आपण सहज वापरतो. त्याला महाराष्ट्रभर श्रोता मिळवून दिला तो या मंडळींनी.

आता तो ठेका.

[चमच्याचा आवाज. गागालगा लगागा, गागालगा लगागा.]

माझ्या पिढीतल्या प्रत्येकाच्या घरात दोन कविता होत्या. आजी म्हणायची, बाई शाळेत पाठ करून घ्यायच्या. एक माधव जूलियनांची ‘प्रेमस्वरूप आई’. लता मंगेशकरांच्या आवाजात ती पुढे रेडिओवरून घरोघर पोहोचली. दुसरी यशवंतांची ‘आई’, ‘आई म्हणोनि कोणी’ अशी सुरू होणारी. आईवाचून माणूस भिकारी, हे तिच्यातलं म्हणणं तर म्हणीसारखं लोकांच्या तोंडी बसलं. कितीतरी जणांना ते कुणी लिहिलं हे माहीत नसतं, आणि तरी ते ऐन वेळी ओठांवर येतं.

आईवरच्या मराठीतल्या या दोन सगळ्यांत ओळखीच्या कविता एकाच मंडळातल्या दोन मित्रांच्या आहेत. एवढंच असतं तरी पुरे होतं. आता बोटांनी मांडीवर ताल धरा आणि दोन्ही सावकाश म्हणा.

प्रे-म-स्व-रू-प-आ-ई. गा-गा-ल-गा-ल-गा-गा.

आ-ई-म्ह-णो-नि-को-णी. गा-गा-ल-गा-ल-गा-गा.

एकच चाल. ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू; लघु-गुरूचा एकच क्रम. दोन्ही कवितांचं वृत्त एक आहे. मराठीत त्याला आनंदकंद म्हणतात. आणि तिसरी ओळ आपल्या सगळ्यांना पाठ आहे, इकबालांची: सा-रे-ज-हाँ-से-अच्-छा. तीही याच तालावर चालते, कारण हा ताल फार्सी आणि उर्दू गझलेच्या घरचा.

एकाकडून दुसऱ्याकडे ही लय नेमकी कशी गेली, याची नोंद कुठे शोधायची? कुणाचं कुणाला काय मिळालं याचा हिशेब अशा खोलीत कुणी ठेवत नाही. पण दर रविवारी फार्सीचा एक अभ्यासक शेजारी बसून लयीवर बोलत असेल, तर त्या लयी बाकीच्यांच्या अंगात भिनतातच. मित्राचा ताल आपल्या ओळीत कधी आला हे लिहिणाऱ्यालाही कळत नाही. लेखक-मंडळ कशासाठी असतं असं मला कुणी विचारलं, तर मी या दोन कविता एकापाठोपाठ एक म्हणून दाखवीन.

[दृश्य: कोल्हापूर, राजाराम कॉलेजची जुनी इमारत.]

माधव जूलियनांपाशी थोडं थांबावं लागेल. जन्म १८९४चा, बडोद्याचा. फार्सी हा त्यांचा विषय आणि ध्यासही. १९२५मध्ये त्यांचा फार्सी-मराठी कोश आला. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मराठीत आणल्या. १९३३मध्ये आली ‘गज्जलांजलि’. गझल हा शब्द ते दोन ज घालून लिहीत. मराठी गझलेचं पुढचं मोठं पर्व सुरेश भटांचं, हे खरंच. पण जमीन आधी नांगरलेली होती.

त्यांचं सगळ्यांत टिकाऊ काम ‘छंदोरचना’. १९२७मध्ये पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक त्यांनी पुन्हा हाती घेतलं आणि दहा वर्षांनी ते कितीतरी विस्तारून बाहेर आलं. ओवी-अभंगापासून संस्कृत वृत्तांपर्यंत आणि मात्रा मोजून रचलेल्या जातींपासून गझलेपर्यंत मराठी माणूस ज्या ज्या लयीत बोलला, गायला, त्या सगळ्या लयी त्यांनी मोजल्या, लावल्या, त्यांना नावं दिली. या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८मध्ये त्यांना डी.लिट. दिली. आजही वृत्तात लिहू पाहणारी मुलगी लगावलीचं, म्हणजे लघु-गुरूंच्या क्रमाचं, कोष्टक समोर घेऊन बसते, तेव्हा ती त्यांच्याच पायवाटेवरून चालत असते.

आणि हाच माणूस आयुष्याच्या उत्तरार्धात भाषाशुद्धीचा कडवा पुरस्कर्ता झाला. मराठीतले फार्सी-अरबी शब्द वगळावेत म्हणून त्यांनी लिहिलं, भांडण घेतलं. ज्या भाषेवर जीव टाकला तिचेच शब्द वेचून बाहेर काढायचे! मला हे फार दुखरं वाटतं. पण ‘प्रेमस्वरूप’ आणि ‘वात्सल्यसिंधु’ हे शब्द पुन्हा म्हणून बघा. शब्द संस्कृत, चाल फार्सी. शब्द काढता येतात. रक्तात गेलेली लय काढता येत नाही.

१९३९च्या नोव्हेंबरात, पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

[दृश्य: रिकामी खुर्ची. खिडकीतून येणारा उजेड.]

त्या खोलीतली एकच स्त्री, मनोरमाबाई. १९२३मध्ये सात पुरुषांच्या बैठकीत आपली कविता वाचणं म्हणजे काय, याची कल्पना आज करणं अवघड आहे. माजघरातून चहाचे कप बाहेर पाठवणाऱ्या बायका त्या काळात घरोघर होत्या. ही बाई बाहेर बसून कविता वाचत होती आणि इतरांच्या कवितेवर बोलत होती. मंडळ स्थापन झाल्यावर तीन वर्षांतच, १९२६मध्ये त्या गेल्या. पतिपत्नींच्या कविता ‘श्री-मनोरमा’ या एकाच संग्रहात आहेत. नावातच दोघं आहेत. मंडळाचा इतिहास सांगताना त्यांचं नाव बहुतेक वेळा यादीच्या शेवटी येतं. म्हणून या चित्रफितीत त्यांच्यासाठी एक खुर्ची मुद्दाम ठेवली आहे.

[दृश्य: शाळेचं स्नेहसंमेलन. दहा वर्षांची मुलगी रंगमंचावर एकटी, समोर नसलेल्या माणसाशी बोलते आहे.]

ही मुलगी करते आहे ती नाट्यछटा. एकच पात्र, तेच बोलतं, समोरच्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही पण कळतं. शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजे दिवाकर, यांनी इंग्रज कवी ब्राउनिंगच्या नाट्यात्म स्वगतांवरून हा प्रकार मराठीत घडवला. सुरुवात १९११ची. लिहिल्या फक्त ५१. पण एवढ्या थोड्या मजकुरावर इतकी वर्षं जिवंत राहिलेला लेखक विरळा. कवींच्या मंडळात हे गद्य लिहिणारे शिक्षक बसत, आणि मला वाटतं बोलीच्या उतार-चढावांचा कान त्यांच्याइतका कुणाला नव्हता. १९३१मध्ये दिवाकर गेले. शाळांच्या स्पर्धांतून नाट्यछटा अजून होतात.

गिरीश साताऱ्याचे. त्यांनी खंडकाव्याला घरगुती सुखदुःखांत आणलं: ‘अभागी कमल’, ‘कला’, खेड्यातली ‘आंबराई’. कवितेत राजे आणि देव यांच्याऐवजी शेजारच्या घरातली माणसं आली. ते सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकवत. नाटककार वसंत कानेटकर त्यांचे चिरंजीव. यशवंतांनी ‘बंदीशाळा’त बालगुन्हेगारांचं जग उभं केलं आणि कितीतरी वर्षांनी, १९६८मध्ये, ‘छत्रपती शिवराय’ हे महाकाव्य लिहून पुरं केलं.

माडखोलकर नागपूरला गेले, ‘तरुण भारत’चे संपादक झाले, कादंबरीकार म्हणून गाजले. १९४६च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि त्याच संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. रविवारच्या चहाला बसणाऱ्या एका तरुणाच्या वाटेवर पुढे असं वळण होतं. संमेलनाचं अध्यक्षपद या एवढ्याशा मंडळाकडे चार वेळा आलं: १९३६ला जळगावात माधव जूलियन, १९४६ला बेळगावात माडखोलकर, १९५०ला मुंबईत यशवंत, १९५३ला अहमदाबादेत वि. द. घाटे.

[दृश्य: वर्तमानपत्रांची जुनी पिवळी पानं.]

टीका झाली का? भरपूर झाली. अत्र्यांच्या ‘झेंडूच्या फुलां’नी या मंडळींची विडंबनं करून महाराष्ट्राला पोट धरून हसवलं. त्यांचं प्रेम फार गोड आहे, त्यांचं जग चार भिंतींचं आहे, असं समीक्षक म्हणाले. काही कवितांबद्दल ते खरंही आहे. त्यातल्या बऱ्याचशा आज वाचवत नाहीत, हे मी प्रेमापोटी लपवणार नाही. पण विडंबन त्याच कवितेचं होतं जी ऐकणाऱ्याला आधीच पाठ असते. आणि मराठी कविता ज्यांनी पुढे मुळापासून हलवली त्या मर्ढेकरांचा पहिला संग्रह, १९३९चा ‘शिशिरागम’, उघडून बघा. त्यात या मंडळाच्या कवितेचे पडसाद स्पष्ट ऐकू येतात.

मंडळ पुढे पांगलं. नोकऱ्या, बदल्या, मृत्यू. कुणी नागपुरात, कुणी कोल्हापुरात, कुणी सांगलीत.

[दृश्य: ग्रंथालयातलं कपाट. बांधणी सैल झालेली एक प्रत बाहेर काढली जाते.]

ही प्रत १९६५ची. पुस्तकाचं नाव ‘स्वप्नभूमी’. माधव जूलियनांचं चरित्र. त्यांना जाऊन तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. कवितेची तऱ्हा बदलली होती, छंदाला जुनाट म्हणणारी पिढी लिहू लागली होती. ज्या खोलीत सगळे जमत, तिच्यातले काही आवाज थांबले होते.

चरित्र लिहिणारे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. मुखपृष्ठावर नाव आहे: गिरीश.

[चमच्याचा ठेका, एकदाच. पडदा काळा.]