पांढरीचा नकाशा

[दृश्य : पहाट, वरच्या आळीतला बोळ. कॅमेरा म्हशीच्या मागोमाग.]

सकाळचे सहा वाजलेत. हा बोळ पुढे इतका आवळत जातो की वळताना म्हशीची शिंगं भिंतीला घासतात. भिंतीवरचा हा ओरखडा त्याचाच.

आता डावीकडचा उंबरा बघा. रस्त्याच्या खाली गेलाय. घर खचलेलं नाही, रस्ता वर आलाय. आधी मुरूम पडला, मग शहाबादी फरशी, मग काँक्रीट, आणि आता त्यावर पेव्हर ब्लॉक. जुनं उकरायचं कुणाच्याच मनात आलं नाही. पावसाळ्यात या घरातली माणसं दारात मातीचा बांध घालतात.

यातलं एकही काम चोरून झालेलं नाही. सगळी गावाच्या विकास आराखड्यात होती, ग्रामसभेत मंजूर झाली होती. आराखड्यात ओळ असायची, 'वरच्या आळीत रस्ता करणे'. बस्स, तेवढीच. आळी किती रुंद, कुणाची पायरी किती पुढे, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे सांगणारा कागदच गावात नव्हता.

[दृश्य : टेकडीवरून गाव. खाली दाटीवाटीची छपरं, भोवती नांगरलेली रानं.]

का नव्हता, त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

दख्खनच्या गावाचे जुने दोन भाग. शेतं ती काळी, वस्ती ती पांढरी. इंग्रजांना काळीत रस होता, कारण शेतसारा काळीतून यायचा. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास इंदापूर भागातून नव्या पद्धतीची पाहणी सुरू केली. मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे 16 भाग, त्यांना म्हणायचं आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. रानोरान साखळी फिरली, हद्दीवर दगड रोवले गेले.

पांढरीतून सारा येत नव्हता. तिच्याभोवती एक रेघ ओढली, आत 'गावठाण' लिहिलं, आणि साखळी पुढच्या रानात गेली. मोठ्या गावांत पुढे सिटी सर्व्हे झाले. लहान गावांची पांढरी तशीच राहिली, बिनमोजणीची.

[दृश्य : ग्रामपंचायतीचं कपाट, जुनी रजिस्टरं. नमुना 8 चं पान.]

गावाकडे होता तो हा नमुना 8. घरपट्टीचं रजिस्टर. मालकी सिद्ध करायला हे पान पुरत नाही, तरी गावाचे सगळे व्यवहार याच्याच भरवशावर चालत आले. खरेदीखतात हद्द लिहायची ती चतुःसीमेची. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस बोळ. तो अमका घर विकून पुण्याला गेला, आणि बोळात पुढे कुणाचा तरी ओटा आला. भांडणं होतात ती इथे, वळचणीखाली. तुमच्या पागोळ्या आमच्या भिंतीवर का?

[दृश्य : चुन्याची पाटी. रेघ ओढणारा हात.]

आणि हा चुना. खरं तर हा माहितीपट आम्ही या चुन्यासाठीच केला.

पांढरीची मोजणी अखेर झाली ती ड्रोननं. पण ड्रोनला वरून छप्पर दिसतं, छपराखालची हद्द दिसत नाही. म्हणून उडवायच्या आधी घरमालकांनी आपापली हद्द दाखवायची आणि तिथे चुना टाकायचा. ग्रामसेवक, भूमी अभिलेखचे कर्मचारी आणि दोन्हीकडचे शेजारी समोर उभे. मुठीतून चुना सुटतो, कुणीतरी म्हणतं, "नाना, जरा अलीकडं घ्या की." नाना वीतभर अलीकडे घेतात. कुठे घेत नाहीत. तिथे रेघ अर्ध्यावर थांबते, पाटी खाली ठेवली जाते, चहा येतो.

या पद्धतीचा प्रयोग महाराष्ट्रानं आधीच करून पाहिला होता, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत, मल्हारगडाच्या पायथ्याशी. मग 24 एप्रिल 2020 ला गावठाणातली घरं मोजून मालकीचा कागद देणारी केंद्राची स्वामित्व योजना आली आणि भारतीय सर्वेक्षण विभागाची ड्रोन गावोगाव उडू लागली.

[दृश्य : ड्रोन वर जातं. हवाई चित्रण, निवेदनाशिवाय काही क्षण.]

हे दृश्य जरा लांबलंय, माहीत आहे. पण आपलं गाव असं कुणीच पाहिलं नव्हतं. पांढऱ्या रेघांचं जाळं, मधे देऊळ, पाराचा वड, आणि जिथे रेघच नाही तो मोकळा तुकडा. तो गावाचा.

[दृश्य : ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नकाशा. माणसं बोटं ठेवून घरं शोधताहेत.]

हा नकाशा 1 : 500 चा. कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. पुढे चौकशी झाली, हरकती आल्या, मालकीच्या सनदा वाटल्या, घराघराच्या नोंदीच्या मिळकत पत्रिका निघाल्या. काही पायऱ्या गल्लीत आल्या, दोन घरांचं प्रकरण अजून मिटलेलं नाही.

ग्रामसभेत मात्र पहिल्यांदाच नुसत्या यादीऐवजी नकाशा समोर ठेवून आराखडा झाला. पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के निधी बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा. तेव्हा गटार ठरलं, आणि ते रस्त्याच्या आधी ठरलं. आमच्या मते ही या गावातली सगळ्यात मोठी सुधारणा.

[दृश्य : वरची आळी. एक आजोबा, हातात बादली.]

गटाराचा उतार कुठून काढायचा, यावर अर्धा तास वाद चालला. शेवटी आजोबा उठले, देवळासमोरच्या नळावर बादली भरली आणि बोळाच्या तोंडाशी ओतली. कॅमेरा पाण्यामागे गेला. पाणी उंबऱ्याकडे वळलं, घुटमळलं, पुढे सरकलं, आणि तिसऱ्या घराच्या पायरीशी तुंबलं.

सगळ्यांनी पायरीकडे पाहिलं. मग घराच्या मालकाकडे.

आजोबा दुसरी बादली भरायला गेले.